लपवावं लागतं ते गाडीला लावूच नये



आज विषय जरा वेगळा आहे. लोणची, साठवण, चातुर्मासातले नियम यांवर आपण नेहमी बोलतो. आज गाडीवर आणि गाडीच्या विम्यावर बोलणार आहे. "हे पुरुषांचं काम" म्हणून पान उलटू नका. गाडी यजमानांच्या नावावर आणि हौस मुलांची असली, तरी पैसा घरातलाच जातो आणि नुकसान झालं की डबेही आपलेच उघडले जातात. मी हे अनुभवलं आहे, म्हणून सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं एकत्र कुटुंब. गाडी यांच्या नावावर, पण चालवतो धाकट्या दिराचा मुलगा. त्याला गाडी सजवायची भारी हौस. हेडलाइटचे बल्ब बदलून जास्त वॅटचे घातले, पुढं दोन जादा दिवे लावले आणि डिकीत मोठा अ‍ॅम्प्लिफायर बसवला. एकूण खर्च ३८,००० रुपये. त्यातले १०,००० मी दिले होते, हेही लपवत नाही. पोरगं परीक्षेत चांगलं पास झालं होतं आणि मागत होतं, म्हणून दिले. बिल कसलं, पावती कसली, काही विचारलं नाही. भाजीवाल्याकडं दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी मी!

भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू होतं. तिसरा दिवस, उत्तम आर्जव. रात्रीचं प्रवचन ऐकून आम्ही घरी आलो. सगळे उतरलो, माझी पाच वर्षांची नात मागच्या सीटवर झोपली होती, तिला सूनबाईनं उचलून आत नेलं. दहा मिनिटं झाली असतील, शेजारचे अण्णा ओरडत आले, "गाडीतनं धूर येतोय!" बॉनेटखालून धूर आणि मग जाळ. बांधकामाची वाळू समोर पडली होती म्हणून विझवता आलं. कुणाला काही झालं नाही. पण ती दहा मिनिटं आजही आठवली की हातपाय गार पडतात.

दुरुस्तीचा अंदाज आला १,४६,००० रुपये. विमा होता, फुल इन्शुरन्स होता, म्हणून आम्ही निश्चिंत. तेवढ्यात गॅरेजवाल्याचा फोन. "काकू, सर्व्हेअर परवा येणार आहे. त्याच्या आधी ती जादाची वायरिंग काढून टाकतो, जुने बल्ब लावतो. कुणाला कळत नाही, सगळे असंच करतात." हे गप्पच. मी म्हटलं, "बघा, तुम्हाला काय ते कळतं." म्हणजे हो म्हणायचं, पण हो म्हटलं नाही असं स्वतःला सांगायचं, तसलं उत्तर.

रात्री सामायिकाला बसले आणि मन लागेना. आदल्याच संध्याकाळी ऐकलं होतं की आर्जव म्हणजे सरळपणा, मनात जे तेच बोलण्यात, बोलण्यात जे तेच करण्यात. आणि दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवाल्याला "बघा" म्हणून मोकळी! तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यात एक आहे कूटलेखक्रिया. खोटा कागद तयार करणं. क्लेमच्या फॉर्मवर सही यांची असली तरी खोटं घडवण्यात माझं "बघा" होतंच.

सकाळी उठून फोन केला, "जसं आहे तसं राहू दे, काही हलवायचं नाही." सर्व्हेअर आला, कापून जोडलेल्या वायरी बघितल्या, फोटो काढले. महिन्यानं कंपनीचं पत्र आलं, क्लेम नामंजूर. पुतण्या चिडला. म्हणाला, "काकू, तुमच्या धर्माची किंमत दीड लाख पडली."

त्याला त्या दिवशी मी नीट उत्तर देऊ शकले नाही. यांनी एक एफडी मोडली आणि गाडी दुरुस्त झाली. पण त्याचं ते वाक्य मनात राहिलं. मी बी.कॉम. झाले त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली, तरी हिशेबाची सवय सुटलेली नाही. म्हणून बसून कागदपत्रं वाचली, पॉलिसीतली बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली, ओळखीच्या विमा एजंटला प्रश्न विचारले. त्यातून माझं जे मत झालं ते आज मांडते.

पहिली गोष्ट, विमा म्हणजे काय? कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की विम्याचा करार हा इतर करारांसारखा नसतो. बाजारात घेणाऱ्यानं बघून घ्यायचं असतं. विम्यात मात्र कंपनी तुमची वस्तू रोज बघायला येत नाही, ती तुमच्या शब्दावर विसंबते. म्हणून याला अटमोस्ट गुड फेथ, म्हणजे पराकोटीच्या विश्वासाचा करार म्हणतात. महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली तर कराराचा पायाच हलतो. कंपनीनं प्रीमियम ठरवला तो कारखान्यातून जशी गाडी आली तशा गाडीचा. आपण ती बदलली आणि सांगितलं नाही, तर जिचा विमा काढला ती गाडी वेगळी आणि जी जळाली ती वेगळी.

आमच्या गाडीचंच बघा. साध्या हेडलाइटचा बल्ब ५५-६० वॅटचा असतो. वायरी, फ्यूज, बल्बचा होल्डर, सगळं तेवढ्या भाराच्या हिशेबानं केलेलं असतं. पुतण्यानं घातले १०० वॅटचे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर पाच अँपिअरच्या जागी आठच्या वर अँपिअर करंट त्याच वायरीतून जायला लागला. घरातल्या पाच अँपिअरच्या साध्या पिनवर आपण गिझर लावतो का? वायर तापते, वास येतो, हे आपल्याला कळतं. गाडीत तेच घडत होतं, फक्त बॉनेटखाली कुणाला वास आला नाही.

दुसरी गोष्ट, कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, त्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकात जी माहिती आहे ती कारखान्यानं दिलेल्या मूळ माहितीहून वेगळी होईल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही घातली, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिक्षा मालकाला आहे, हे लक्षात घ्या. हौस पुतण्याची, पण आरसीवर नाव काकांचं.

काही गोष्टी तर सरळच बंद आहेत. काचांवरच्या काळ्या फिल्मबद्दल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पुढची-मागची काच ७० टक्के आणि बाजूच्या काचा ५० टक्के पारदर्शक हव्यात, हा नियम आहे. गाडीच्या पुढं लावतात ते लोखंडी बंपर गार्ड डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं बंद करायला सांगितले. कारण साधं आहे. धडक बसली की गाडीचा पुढचा भाग चेपून धक्का शोषून घेतो आणि सेन्सर एअरबॅग उघडतो. लोखंडी गार्ड त्या दोन्हीत आडवा येतो. समोर कुणी पायी चालणारा आला तर त्याला तो जास्तच लागतो. दिसायला रुबाबदार, आणि आतल्या माणसाला, बाहेरच्या माणसाला, दोघांनाही घातक. रंग बदलायचा किंवा इंजिन बदलायचं तरी आरटीओची परवानगी आणि आरसीत नोंद लागते.

आता आपल्या धर्माच्या बाजूनं बघू. श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये अनर्थदंडव्रत आहे. प्रयोजन असेल तिथं संसारी माणसाकडून हिंसा होते, ती पूर्ण टळत नाही. पण ज्यात आपलं काही प्रयोजनच नाही आणि तरी दुसऱ्याला त्रास होतो, ते सोडा, असं हे व्रत सांगतं. लहानपणापासून हे ऐकतो आणि उदाहरण देतो विनाकारण झाडाची पानं तोडण्याचं. मैत्रिणींनो, आजचा अनर्थदंड रस्त्यावर बघा. झगझगीत दिवे लावून समोरच्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपवायचे, सायलेन्सर बदलून आजारी माणसांच्या खिडकीखालून गर्जत जायचं, चार सुरांचा हॉर्न वाजवायचा. यात कुणाचं काय साधतं?

सीटचं कव्हरही आलंच. चामड्याची वस्तू घेऊन आपण मंदिराची पायरी चढत नाही, आणि त्या मंदिरापर्यंत चामड्याच्या सीटवर बसून जातो! दुकानदार "लेदर" म्हणतो ते बऱ्याचदा रेक्झिनच असतं, पण विचारून घ्या. आणि एक सुरक्षेची बाब, सीटच्या बाजूला एअरबॅग असलेल्या गाड्यांना वरून घट्ट कव्हर घातलं तर ती उघडायला अडते. म्हणजे पैसे देऊन सुरक्षा घालवायची.

याचा अर्थ गाडीत काहीच बदल करू नये असं मी म्हणत नाही. काही बदल खरोखर कामाचे असतात. त्यांचा हिशेब मात्र मांडायला हवा.

सीएनजी किटचं घ्या, कारण आपल्याकडं हाच प्रश्न जास्त येतो. किट मान्यताप्राप्त हवं, अधिकृत फिटरकडून बसवलेलं हवं, आरसीत इंधनाची नोंद बदललेली हवी आणि विमा कंपनीला लेखी कळवलेलं हवं. कळवलं की प्रीमियम वाढतो. जुन्या मोटार टॅरिफचा हिशेब असा, की बाहेरून बसवलेल्या किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये. आज कंपनीनुसार थोडं मागंपुढं होईल. किट ५०,००० चं धरलं तर २,००० अधिक ६०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण २,४३१ रुपये वर्षाला.

आता बचत. पेट्रोल १०५ रुपये आणि लिटरला १५ किलोमीटर धरा, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. सीएनजी ९० रुपये आणि किलोला २० किलोमीटर धरा, म्हणजे साडेचार रुपये. किलोमीटरमागं अडीच रुपये वाचतात. ज्यांची गाडी महिन्याला १,००० किलोमीटर पळते त्यांचे वर्षाला ३०,००० वाचतात. विम्याचे वाढीव पैसे वजा केले तरी किटची किंमत बावीस महिन्यांत निघते. चांगला व्यवहार आहे. पण ज्यांची गाडी मंदिर, लग्नकार्य आणि कधीतरी कुंभोज-बाहुबलीला जाण्यापुरती निघते, महिन्याला ३०० किलोमीटर, त्यांचे वर्षाला ९,००० वाचतात. त्यातून विमा वजा केला की राहतात साडेसहा हजार. किटचे पैसे निघायला साडेसात वर्षं. शिवाय दर तीन वर्षांनी सिलिंडरची तपासणी आणि डिकी गेलेली. असल्या घरानं किट बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लोक काय करतात? किट बसवतात आणि २,४३१ रुपये वाचवायला कंपनीला कळवत नाहीत. म्हणजे अडीच हजारांसाठी पाच-सात लाखांची गाडी उघड्यावर ठेवायची. शहाणपणाचा व्यवहार म्हणायचा का हा? म्युझिक सिस्टिमसारख्या विजेवर चालणाऱ्या वस्तूंनाही साधारण हाच ४ टक्क्यांचा हिशेब असतो. ३०,००० ची वस्तू असेल तर १,२०० रुपये आणि वर कर. तेवढे भरायची तयारी नसेल तर ती वस्तू आपल्याला तितकी नकोच आहे, असं समजावं.

उलट काही बदलांनी प्रीमियम कमीही होतो, हे कित्येकींना माहीत नसतं. आमच्या स्वाध्याय मंडळातल्या एका ताईंच्या यजमानांना पोलिओमुळे डाव्या पायात बळ नाही. त्यांच्या गाडीत क्लच हातानं चालवायची सोय केली आहे. आरटीओकडून रीतसर परवानगी, आरसीत नोंद. अशा गाड्यांना जुन्या टॅरिफमध्ये गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सवलत ठेवलेली होती. हे गृहस्थ आता कुणाच्या आधाराशिवाय दुकानात जातात. याला म्हणायचं प्रयोजन. पुण्याच्या एआरएआय संस्थेनं मान्यता दिलेलं चोरीरोधक उपकरण बसवलं तरी अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, अशी सवलत जुन्या टॅरिफमध्ये होती. रक्कम लहान आहे, पण बघा, उघडपणे सांगता येतो त्या बदलाला कायदाही जागा देतो आणि विमाही.

आता दोन आक्षेप, जे मला घरातच ऐकावे लागले.

पहिला, "विमा कंपन्या तरी कुठं प्रामाणिक असतात? कारण काढून क्लेम नाकारतात." काही वेळा हे खरं आहे. बदलाचा आणि नुकसानीचा काही संबंधच नसेल, म्हणजे सीट कव्हर बदललं आणि मागून ट्रकनं ठोकलं, आणि तरी क्लेम नाकारला, तर जरूर भांडा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं लेखी, मग विमा लोकपालाकडं. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे आणि तिथं तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. पण भांडायला उभं राहायचं तर आपले कागद स्वच्छ हवेत. आम्ही लोकपालाकडं गेलो नाही, कारण आमची आग त्याच वायरीनं लागली होती.

दुसरा आक्षेप, "आपलं नुकसान आपण सोसू, त्यात काय?" इथं मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आपली गाडी जळाली तर एफडी मोडून भागतं. पण आपल्या गाडीनं दुसऱ्याचा जीव गेला तर? थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो त्याच्या घरच्यांसाठी. विमा काढताना महत्त्वाची गोष्ट लपवली असेल तर अंग काढून घ्यायला कंपनीला कायद्यात जागा आहे. कित्येकदा न्यायालय कंपनीला सांगतं, आधी पीडितांना पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. ती वसुली घरावर येते. आणि पैशाचं सोडा, ज्या विधवेला दोन-चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढायला लागतील, तिच्या त्रासाला आपण कारण झालो, हे कुठल्या आलोचनेत धुऊन निघणार आहे?

अपरिग्रहाबद्दल आपण बोलतो तेव्हा सोनं, साड्या, जमीन मोजतो. परिग्रह वस्तूत कमी आणि वस्तूवरच्या ममत्वात जास्त, असं आपले आचार्य सांगत आले. गाडी ही आज घराघरात त्या ममत्वाची मोठी जागा झाली आहे. शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा आपली चार बोटं रुंद टायरवर उभी राहावी, यासाठी ४०-५० हजार सहज जातात, आणि विकताना त्याचे पाच हजारही येत नाहीत. घेणाऱ्याला मूळ गाडी हवी असते.

म्हणून मी आता एकच कसोटी धरली आहे. जे आरसीत लिहिता येतं आणि विमा कंपनीला न घाबरता सांगता येतं, तेच गाडीला लावायचं. सांगायला संकोच वाटतो, लपवावं लागेल असं वाटतं, ते कितीही स्वस्त मिळालं तरी घ्यायचं नाही. प्रयोजन आहे का, हिशेब बसतो का, हे प्रश्न त्यानंतरचे.

तुम्ही एवढं करा. या आठवड्यात घरातली आरसी आणि पॉलिसी कपाटातून काढा. इंधन कोणतं लिहिलं आहे, रंग कोणता, सीएनजी किटची किंवा जादा वस्तूंची रक्कम दाखवली आहे का, ते बघा. गाडीत जे आहे आणि कागदावर नाही, त्याची यादी करा. जे ठेवायचं ते कंपनीला ईमेलनं कळवा आणि पॉलिसीत नोंद झाल्याचा कागद मागून घ्या. एजंटला फोनवर सांगितलं म्हणजे कळवलं असं होत नाही. जे नोंदवता येणार नाही ते चांगल्या गॅरेजमध्ये जाऊन काढून टाका. मुलांनी तोंड वाकडं केलं तर करू द्या.

पुतण्याला मी उत्तर दिलं ते बऱ्याच महिन्यांनी. जेवताना म्हटलं, "बाळा, ते दीड लाख धर्माचे नव्हते, त्या बल्बचे होते. खोटं बोललो असतो तर फक्त बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलं असतं." तो काही बोलला नाही, वरण वाढून घेतलं. गेल्या दिवाळीत गाडी सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा मात्र राहिलेले पुढचे दोन जादा दिवे त्यानं आपणहून काढून आणले. माळ्यावर पडले आहेत. मी अजून भंगारात दिलेले नाहीत, दिसत राहिलेले बरे.